बाळंतिणीचं रक्त मोजा, अंदाजावर जाऊ नका: कोकणातल्या प्रसूतिकक्षासाठी पीपीएच मार्गदर्शक

केसपेपरवर ‘रक्तस्राव साधारण २५० मिली’ असं लिहून मी मोकळी झाले होते. बाँडच्या, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीतला पहिला पावसाळा. बाळ रडलं होतं, वार पडली होती, गर्भाची पिशवी आवळल्यासारखी लागत होती. अर्ध्या तासाने चादरी धुवायला नेलेल्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, “मॅडम, बादलीचं पाणी तिसऱ्यांदा बदललं, तरी लालच.” मी बाळंतिणीचं मनगट धरलं. नाडी १२८. बीपी ११०/७०, म्हणजे कागदावर काहीच बिघडलेलं नाही. वीस मिनिटांत वरचा आकडा ८० वर आला. ती वाचली. चार पिशव्या रक्त लागलं, आणि दोन तास आमचा जीव मुठीत होता. पण वाचली ती मावशींच्या नजरेमुळे. माझा अंदाज तर केसपेपरवर शाईने लिहिलेला होताच.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांसाठी, स्टाफ नर्स आणि एएनएम भगिनींसाठी, तसंच ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकट्या असणाऱ्यांसाठी आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, म्हणजे आपल्या बोलण्यातला पीपीएच, पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. कोकणात त्याचं गणित थोडं वेगळं पडतं. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली आणि पिशवी आवळली नाही, तर बाईकडे किती मिनिटं उरतात हे तुम्हीच काढा. आता तुमच्या केंद्रापासून रक्तपेढीपर्यंतचं अंतर आठवा, मध्ये एखादी खाडी किंवा घाट असेल तर तोही धरा. दोन आकडे जुळत नाहीत. म्हणून पहिल्या पंधरा मिनिटांचा उपचार तुमच्याच टेबलावर व्हावा लागतो.

कळा सुरू होण्याच्या आधी

पीपीएच होणाऱ्या बहुतेक बायकांमध्ये आधी कसलीच जोखीम दिसत नाही, हे खरं. पण म्हणून जिच्यात दिसते तिच्याकडेही दुर्लक्ष करायचं का? नववा महिना लागला की प्रत्येकीचा कागद पुन्हा उघडा. मागच्या वेळी जास्त रक्त गेलं होतं का, जुळं आहे का, गर्भजल जास्त आहे का, बीपी वाढलेलं आहे का, चार-पाच बाळंतपणं झालेली आहेत का. आधी सिझेरियन झालेलं असेल आणि सोनोग्राफीत वार खाली, जुन्या टाक्यांजवळ दिसत असेल, तर ती बाई तुमच्या केंद्रात कळा देता कामा नये. तिला भूलतज्ज्ञ, सर्जन आणि रक्तपेढी एकाच ठिकाणी असतील अशाच रुग्णालयात तारीख देऊन पाठवा.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र ॲनिमिया. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई ५०० मिली रक्त गेलं तरी बहुधा सावरते. ६.५ वाली ३०० मिलीला कोसळू शकते. ७ च्या खाली असेल तर प्रसूती वरच्या रुग्णालयात, यात चर्चा नको. ७ ते ९.९ मध्ये असेल तर लोहाच्या गोळीचा डोस दुप्पट करा आणि महिन्याने पुन्हा तपासा. गोळ्या पोटात जात नसतील किंवा दिवस थोडे उरले असतील तर शिरेतून लोह द्यायची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा. गोळी देताना ‘चहाबरोबर घेऊ नकोस’ हे प्रत्येक वेळी सांगा. आपल्याकडे सकाळच्या गोळीवर लगेच चहा होतो आणि निम्मं लोह वाया जातं.

आणखी एक खास आपल्याकडची अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी. मुंबईत सात महिने तपासलेली मुलगी आठव्या महिन्यात गावी येते, कधी गणपतीला आलेली ती तिथेच राहते, आणि तिची फाईल असते डोंबिवलीच्या कपाटात. आशाताईंना सांगून ठेवा: गावात पोटुशी पाहुणी आली की दोन दिवसांत कळवायचं. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तुमच्याकडे पुन्हा करून घ्या, फोनवर ‘बहुतेक ओ पॉझिटिव्ह’ असं कोणी सांगितलं तर ते धरू नका. सड्यावरच्या किंवा धनगरवाड्यावरच्या बाईला जून ते सप्टेंबरमध्ये तारीख असेल, तर शेवटचे दोन आठवडे रस्त्याला लागून असलेल्या नातलगाकडे राहायला आणायचं, हे सातव्या महिन्यातच घरच्यांशी ठरवा. नवव्यात सांगितलं तर भातलावणी निघते.

औषधांचा फ्रीज आणि कोकणातली हवा

ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आवळायचं इंजेक्शन, उष्णतेने हळूहळू मरतं. ॲम्प्यूल दिसायला तसंच राहतं, रंग बदलत नाही, वास येत नाही. टोचल्यावर पिशवी आवळत नाही आणि आपण बाईच्या नशिबाला बोल लावतो. ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं, गोठवायचं नाही. त्याच कामाची कार्बोप्रोस्ट आणि मेथर्जिन ही इंजेक्शनंही फ्रीजमध्येच, मेथर्जिनला उजेडही चालत नाही. चक्रीवादळात किंवा आषाढातल्या एखाद्या रात्री वीज गेली की ती केव्हा येईल हे महावितरणलाही ठाऊक नसतं. साधा घरगुती फ्रीज तीन तासांत कोमट होतो. म्हणून या औषधांचा वेगळा, ठळक नाव लिहिलेला डबा लशींच्या आईस लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये ठेवायची व्यवस्था करून घ्या. प्रसूतिकक्षात एका वेळी एका पाळीपुरतीच ॲम्प्यूल आणा, तीही आईसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून. ट्रेमध्ये ‘तयार’ म्हणून आठवडाभर पडलेली ॲम्प्यूल बिनदिक्कत टाकून द्या.

पिशवी आवळणाऱ्या गोळीची, मिसोप्रोस्टॉलची, गोष्ट उलटी. त्याला फ्रीज लागत नाही, पण दमट हवा सोसत नाही. पाकिटातून काढून डबीत भरून ठेवलेल्या गोळ्या आपल्या हवेत कुचकामी होतात. गोळी फॉइलमध्येच राहू द्या, द्यायच्या क्षणी फोडा.

एक छोटी गोष्ट जी रात्री दोन वाजता मोठी होते: आपल्याकडे ऑक्सिटोसिनचं ॲम्प्यूल बहुधा ५ युनिटचं येतं. १० युनिट म्हणजे दोन ॲम्प्यूल. रक्ताची गाठ टिकवणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅमचं येतं, १ ग्रॅम म्हणजे तीही दोन. लेबल वाचून पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

त्या पेटीत काय असावं? शिरेत ठेवायच्या दोन १६ किंवा १८ नंबरच्या कॅन्युला (करडी आणि हिरवी), आयव्ही सेट, आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) तीन बाटल्या, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, मिसोप्रोस्टॉल, सिरिंजा, फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), कंडोम, टाक्यांचा जाड दोरा, लांब हातमोजे, रक्ताच्या नमुन्याच्या बाटल्या आणि एक कोरी काचेची नळी. फ्रीजमधली औषधं पेटीत नसतात, म्हणून ‘फ्रीजमधून काय आणायचं’ याची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा. पेटीला कुलूप घालू नका. किल्ली सिस्टरच्या पर्समध्ये आणि सिस्टर रजेवर, हे मी पाहिलेलं आहे.

बाळ बाहेर आल्यापासून वार पडेपर्यंत

बाळ आलं, आत दुसरं नाही याची पोटावर हात ठेवून खात्री केली, की एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. हे प्रत्येकीला, ‘तिला गरज वाटत नाही’ असं म्हणायची मुभा नाही. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापा, बाळाला त्याचं रक्त मिळू द्या. मग पिशवी आवळलेली असताना एका हाताने ओटीपोटावरून पिशवीला वर आधार द्यायचा आणि दुसऱ्याने नाळ हलक्या, सलग ताणाने खाली घ्यायची. वरचा आधार सोडून ओढाल तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते, आणि तो प्रसंग ज्याने पाहिला तो आयुष्यात पुन्हा नाळ ओढत नाही. येत नसेल तर थांबा.

वार पडली की ती ताटात पसरून दोन्ही बाजूंनी बघा. एखादा तुकडा नाही असं वाटतंय, पडदा फाटून मध्येच संपलाय? लिहा आणि लक्ष ठेवा. ‘वार पूर्ण’ असा शिक्का न बघता मारायची सवय आपल्या सगळ्यांना आहे.

यानंतरचे दोन तास दर १५ मिनिटांनी पिशवी, रक्त, नाडी, बीपी. बाळाला तेवढ्यातच छातीशी लावा, दूध ओढलं की पिशवी आवळते. बहुतेक केंद्रांत नेमक्या याच वेळी सिस्टर रजिस्टर भरायला बसते आणि आत बाईजवळ तिची आई असते. रजिस्टर तिथे घेऊन बसा. आईलाही एक काम द्या: पिशवी कुठे लागते, घट्ट म्हणजे कशी, हे तिच्या हाताला दाखवा आणि मऊ लागली की हाक मारायला सांगा. बऱ्याच म्हाताऱ्या बायकांना ‘जावंदे गो, वायट रगात असता ता’ असंच वाटत असतं. वाद घालू नका. “थोडं जातंच आजी, पण एवढ्या खुणेवर गेलं की मला सांगायचं,” म्हणून रक्त मोजायच्या प्लास्टिक पिशवीवरची रेघ दाखवा (तिच्याबद्दल पुढे).

रक्त कसं मोजायचं

म्हापणच्या नाहीतर हर्णैच्या बाजारात कोळंबी घेताना आपण काट्याकडे डोळे लावून उभे असतो. पन्नास ग्रॅम कमी भरली तर भांडतो. आणि बाईचं रक्त? ‘थोडं जास्त’, ‘नेहमीसारखं’, ‘चादर भिजली’. डोळ्याने केलेला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो, आणि रक्त जितकं जास्त तितकी चूक मोठी. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात (२०२३) हे आकड्यांत दिसलं: नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत पीपीएच झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या वेळेत ओळखल्या गेल्या. जिथे मोजपट्टी असलेली पिशवी वापरून लगेच ठरलेले उपचार एकत्र केले, तिथे ९३ टक्के ओळखल्या गेल्या आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. त्या रुग्णालयांनी कुठलं नवं औषध आणलेलं नव्हतं.

ही मोजपट्टीची प्लास्टिक पिशवी आपल्याला परकी नाही. आंबोली चढून पलीकडे गेलं की बेळगाव. तिथल्या खेड्यांमध्ये मिसोप्रोस्टॉलचा जो मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १,६२० बायकांचं रक्त अशाच पिशवीत मोजलं होतं. पिशवी तिथल्याच संशोधकांच्या सहभागातून घडली. आपण मात्र अजून बादलीवर आहोत.

पिशवी लावायची ती बाळ बाहेर आल्यानंतर, नाहीतर गर्भजल त्यात जमा होऊन आकडा खोटा पडतो. बाईच्या कमरेखाली सरकवा, पट्ट्या बांधा, तोंड खाली लोंबू द्या, टेबल किंचित पायांकडे उतरतं ठेवा. निदान एक तास काढू नका. रक्त येतच असेल तर आणखी.

पिशवी नाही? मग हे करा. कमरेखाली स्वच्छ प्लास्टिक, त्याची घडी घालून कडा टेबलाखालच्या भांड्यात. भांड्यातलं रक्त खुणा असलेल्या जगमध्ये ओता. पॅड आणि फडकी वजनकाट्यावर ठेवा, कोरं असतानाचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १ मिली. कोऱ्या पॅडचं, कोऱ्या चादरीचं वजन भिंतीवर लिहून ठेवलेलं असलं की रात्री बेरीज-वजाबाकी सोपी जाते. काटा? बाळाचा आहेच, त्यावर प्लास्टिक घाला.

किती गेलं की उठायचं? जुनी सवय ५०० मिलीची. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघांसोबत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ही रेघ खाली आणली. योनिमार्गे प्रसूतीनंतर ३०० मिली गेलं आणि नाडी १०० च्या वर, किंवा वरचं बीपी १०० च्या खाली, किंवा खालचं ६० च्या खाली, यातलं काहीही एक असेल तर उपचार सुरू. किंवा ५०० मिली, मग बाकी आकडे कसेही असोत.

आकडे लक्षात राहत नसतील तर एकच धरा: नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्यापेक्षा मोठा झाला की ती बाई शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं होण्याकडे, चालली आहे. माझ्या त्या बाईची नाडी १२८ आणि बीपी ११० होतं. उत्तर समोर होतं, मी फक्त बीपीकडे बघत होते. तरुण बाळंतिणीचं शरीर लिटरभर रक्त गेलं तरी बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. बीपीच्या आजारवालीचं तर आणखी फसवं, तिचं नेहमीचं १५० असतं, म्हणून ११० आल्यावर आपण सुस्कारा टाकतो.

पहिली पंधरा मिनिटं

आपल्याला शिकवलं तसं आपण पायऱ्या चढतो: आधी मसाज, मग वाट बघ, मग ऑक्सिटोसिन, मग वाट बघ. हा क्रम सोडा. सगळं एकदम सुरू करायचं, थांबलं तर उत्तमच.

आधी मोठ्याने हाक. लाजायचं नाही. एकाने बाईजवळ, एकाने औषधांकडे, एकाने फोन आणि पळापळ. केंद्रात दोघीच असाल तर तिसरा माणूस म्हणजे मावशी, ड्रायव्हर किंवा शेजारच्या क्वार्टरमधली सिस्टर. कोणाला उठवायचं हे आधी ठरलेलं असावं.

जी बाईजवळ आहे ती ओटीपोटावरून पिशवी चोळते, घट्ट होईपर्यंत किंवा एक मिनिट. त्याहून जास्त वेळ तिथेच अडकू नका. मूत्राशय भरलेलं असेल तर पिशवी आवळत नाही, कॅथेटर घाला.

जी औषधांकडे आहे ती मोठी कॅन्युला लावते, नमुना काढते आणि ऑक्सिटोसिन सुरू करते: १० युनिट २०० ते ५०० मिली सलाईनमध्ये १० मिनिटांत, मग २० युनिट १ लिटरमध्ये चार तास. तुमच्या जिल्ह्याच्या भिंतपत्रकावर २० युनिट ५०० मिलीमध्ये ४० ते ६० थेंब असं असेल तर तसं, पण प्रमाण एकच ठेवा, पाळीगणिक वेगळं नको. न मिसळता शिरेत झटकन ढकलू नका, बीपी कोसळतं. शीर सापडेना? १० युनिट स्नायूत. ऑक्सिटोसिनच नाही किंवा त्याच्या ताकदीची शंका आहे? मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या चार गोळ्या, जिभेखाली. थंडी वाजेल, ताप चढेल, ते औषधामुळे. घरच्यांना आधीच सांगा.

त्याच वेळी ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, शिरेतून, सावकाश १० मिनिटांत. हे ‘शेवटचं औषध’ म्हणून राखून ठेवायची पद्धत अजून दिसते, आणि मला त्याचा खरंच राग येतो. २० हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या ‘वूमन’ अभ्यासात (२०१७) दिसलं की प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, आणि पुढच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं की दर १५ मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण १० टक्क्यांनी घटत जातो. तीन तासांनंतर देऊ नये. रक्तस्रावाचं कारण सैल पिशवी असो की आतली जखम, औषध चालतं. अर्ध्या तासानेही रक्त थांबलं नाही, किंवा २४ तासांत पुन्हा सुरू झालं, तर दुसरा १ ग्रॅम.

आणि तपासणी. पिशवी सैल असणं हे दहापैकी सात वेळा कारण असतं, म्हणून आपण बाकीची तीन विसरतो. पिशवी दगडासारखी घट्ट आणि तरी ताजं लाल रक्त वाहतंय? जखम शोधा. बॅटरी धरा, नाहीतर मोबाइलचा उजेड, योनीच्या भिंती, गर्भाशयाचं मुख गोलाकार बघा. टाका जखमेच्या वरच्या टोकाच्याही थोडा वर सुरू करा, नाहीतर आक्रसलेली रक्तवाहिनी आत वाहत राहते. रक्ताच्या गाठी हाताने काढा. वारेचा तुकडा आत असेल तर पिशवी पूर्ण आवळत नाही.

फोन करणारीने या पंधरा मिनिटांतच १०८ ला सांगितलेलं असावं. ‘आधी बघू, थांबलं तर कशाला’ हा विचार मैदानी तालुक्यात एक वेळ परवडतो. गाडी आली आणि रक्त थांबलेलं असलं तर ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवा. कोणी रागावत नाही.

थांबत नाही तेव्हा

मेथर्जिन ०.२ मिलिग्रॅम स्नायूत, पण बीपीच्या किंवा हृदयाच्या बाईला अजिबात नाही, आणि वार आत असतानाही नाही. कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, दर १५ मिनिटांनी देता येतं, एकूण आठ डोसांपेक्षा जास्त नाही, दमेकरी बाईला नाही आणि शिरेत कधीच नाही.

दोन्ही हातांनी दाबणं, म्हणजे एक मूठ योनीत पुढच्या बाजूला आणि दुसरा हात पोटावरून पिशवीच्या मागे, हे सगळ्यांना तोंडपाठ येतं पण पाच मिनिटं सलग कोणी केलेलं नसतं. हात भरून येतात. म्हणून माणसं आळीपाळीने बदला, आणि सरावात तरी एकदा घड्याळ लावून पाहा.

कंडोम टॅम्पोनेड, म्हणजे कंडोम फुगवून पिशवीला आतून दाब देणं, बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये मांडलं. कंडोम कॅथेटरच्या टोकावर चढवून दोऱ्याने घट्ट बांधायचा, पिशवीत घालायचा आणि रक्त थांबेपर्यंत २०० ते ५०० मिली सलाईन भरायचं, कॅथेटर दुमडून बांधायचं, खाली पॅकिंग. वार पूर्ण निघालेली आणि जखम, फाटलेली पिशवी नाही याची खात्री असेल तरच. १५ मिनिटांत रक्त उतरलं नाही तर ते फसलं असं समजा. ज्याने हे लावलं त्याने ‘आता बरं आहे’ म्हणून पाठवणं पुढे ढकलू नये, ही शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायची शिडी आहे.

रक्त साकळत नाहीये असं वाटलं तर प्रयोगशाळेची वाट नको. त्या कोऱ्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन मुठीत धरा. सात मिनिटांत घट्ट गाठ झाली नाही, किंवा झालेली सहज विरघळली, तर साकळण्याची यंत्रणा कोसळली आहे. हे फोनवर वरच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

वार अर्ध्या तासात आलीच नाही आणि रक्त जात नसेल तर ऑक्सिटोसिन चालू ठेवून पाठवा. रक्त जात असेल, आणि तुम्हाला हाताने काढता येत असेल, तर वेदनाशामक आणि अँटिबायोटिकचा एक डोस देऊन काढा. येत नसेल तर धाडस करू नका.

घाट, खाडी आणि गाडी

प्रसूतिकक्षाच्या भिंतीवर एक कागद लावा आणि दर सोमवारी तो खरा आहे का ते पाहा. त्यावर काय? कुठल्या रुग्णालयात आज रात्री सर्जन आहे, भूलतज्ज्ञ आहे, रक्त आहे. तिन्ही असतील तेच ‘जवळचं’ रुग्णालय. मध्ये थांबून चौकशी करत जाण्याइतकं आपल्याकडे घातक काही नाही. मी एकदा पाठवलेली बाई दोन ठिकाणच्या पायरीवरून परतली, कारण एकात भूलतज्ज्ञ सुटीवर आणि दुसऱ्यात त्या गटाचं रक्त नव्हतं. एक फोन केला असता तर ती चाळीस मिनिटं वाचली असती. तो फोन मी केला नव्हता.

रस्त्याचा विचार मोसमानुसार. जुलैत वरंधा, कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली यातला कुठला घाट दरडीने बंद आहे हे सकाळीच कळलेलं असावं. जगबुडी आणि वाशिष्ठीची पातळी चढली की खेड-चिपळूण महामार्गावर भरवसा नाही, राजापुरात अर्जुना-कोदवलीचं पाणी बाजारात आलं की तिथून जाणं संपलं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावायला नको. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडसारख्या फेरीबोटीवर रात्रीचा बेत बांधू नका, शेवटची फेरी कधीची ते लिहून ठेवा. सावंतवाडी-दोडामार्गच्या केंद्रांना गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय जवळ पडतं, वैभववाडीला कोल्हापूर. जिल्ह्याची हद्द रक्ताला कळत नाही.

फोनवर काय बोलायचं तेही लिहून ठेवा. नाव नंतर. आधी: किती मिली गेलं, केव्हापासून, नाडी-बीपी, काय दिलं आणि किती वाजता, रक्तगट, निघालो किती वाजता. एवढं ऐकलं की समोरचा रक्त काढून ठेवतो.

गाडीत सिस्टर किंवा डॉक्टर बरोबर हवेच. नातलगावर सोडून पाठवलेली बाई पोहोचेपर्यंत कोणीच पिशवी तपासलेली नसते. दोन शिरा चालू, ऑक्सिजन, अंगावर कोरडी पांघरुणं, कारण गार पडलेल्या बाईचं रक्त साकळत नाही. शॉक गारमेंट (पाय आणि पोट आवळून धरणारा पट्ट्यांचा पोशाख) असेल तर निघायच्या आधी घाला, घोट्यांपासून वर पोटाकडे, एकेक पट्टा. ती घातल्यावरही खालून तपासता येतं. पोहोचल्यावर तिथल्या लोकांना बजावा: काढायची ती रक्तस्राव थांबून बाई दोन तास स्थिर राहिल्यावर, पुन्हा घोट्याकडून, दर पट्ट्यानंतर १५-२० मिनिटं थांबून. नाडी २० ने वाढली किंवा बीपी २० ने पडलं तर पट्टा परत लावा. नवख्याने सगळी एकदम ओढून काढली तर बाई डोळ्यांदेखत जाते.

सलाईन बाटलीमागून बाटली चढवत जाऊ नका. पाण्याने बीपी दिसतं, पण रक्त पातळ होतं आणि साकळेनासं होतं. दोन लिटरनंतर रक्त हवं. आणि घरच्यांना पैशांसाठी पळवू नका: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात प्रसूती, रक्त, औषधं आणि ने-आण मोफत आहे. हे त्यांना माहीत नसतं, म्हणून मंगळसूत्र गहाण टाकण्यात अर्धा तास जातो. दोन धडधाकट नातलग रक्तदानासाठी बरोबर येऊ द्या, पण त्यांचं रक्त तपासून मिळायला वेळ लागतो, आज चढेल ते पेढीतलंच.

घरी किंवा वाटेत झालेलं बाळंतपण

वाडीवर, कातकरी वस्तीत, कधी डोलीतून आणताना वाटेतच प्रसूती होते. तिथे आशाताईंकडे मिसोप्रोस्टॉल असेल तर बाळ आल्यावर, पोटात दुसरं नाही हे पाहून, ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन गोळ्या, तोंडाने. बेळगावच्या त्या अभ्यासात याच डोसाने ५०० मिलीपेक्षा जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. बाळ येण्याआधी ही गोळी देणं म्हणजे पिशवी फाडणं, हे आशाताईंच्या बैठकीत दर वेळी पहिलं वाक्य असू द्या.

पहिल्या दिवसानंतर

पीपीएच २४ तासांनंतरही, सहा आठवडे-तीन महिन्यांपर्यंत होतो. सुटी देताना बाईच्या आईला तीनच गोष्टी सांगा, जास्त सांगितलं की काहीच राहत नाही. तासात एक पॅड पूर्ण भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, किंवा घाण वास आणि ताप आला, तर त्याच दिवशी यायचं, दिवस मोजत बसायचं नाही. जिचं जास्त रक्त गेलं होतं तिला लोहाच्या गोळ्या १८० दिवस, आणि दीड महिन्याने हिमोग्लोबिन. ती येणार नाही, बाळाच्या लशीला येईल, तेव्हा पकडा.

सराव

महिन्यातून एकदा, अचानक, रात्रपाळीत. पाण्यात रंग कालवून ४०० मिली बनवा, मोजपिशवीत ओता आणि घड्याळ लावा. हाकेपासून ट्रानेक्झॅमिक ॲसिड शिरेत जाईपर्यंत किती मिनिटं गेली? पहिल्या वेळी आमच्याकडे बावीस गेली. त्यातली नऊ फ्रीजची किल्ली शोधण्यात. दुसऱ्या महिन्यात फ्रीजला किल्ली राहिली नाही आणि वेळ तेरावर आली. तिसऱ्या सरावात डॉक्टर नव्हते, सिस्टरनीच चालवला आणि अकरा मिनिटांत झाला.

खरा प्रसंग संपला, बाई गाडीत गेली, की हात धुवायच्या आधी पेटी भरा. दोन कॅन्युला, दोन आरएल, औषधांची ॲम्प्यूल, नवी मोजपिशवी. सकाळी भरू म्हणाल तर पुढची बाई त्याच रात्री येते.